बॅडमिंटनचे फटके कसे सुधारावेत? इंदूरच्या कोर्टांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलटी करून वाचावं. फटका बिघडतो तो बहुतेक वेळा रॅकेट फिरण्याच्या आधीच, म्हणजे पकडीत, पायांत किंवा शटलपाशी उशिरा पोचण्यात. त्यामुळे "मनगट कसं मारायचं?" असं विचारणाऱ्याला इथे बरेचदा पायांबद्दल वाचायला मिळेल.

ताकद भरपूर लावतो, तरी माझा क्लिअर, म्हणजे उंच लांब फटका, मागच्या रेषेपर्यंत जात नाही. का?

बहुधा तुम्ही शटल डोक्याच्या मागे गेल्यावर मारत आहात. तिथून कितीही जोर लावला तरी शटल वर जातं, पुढे जात नाही. तपासायला सोपं आहे: क्लिअर उंच जाऊन समोरच्या कोर्टाच्या मध्यावर पडत असेल, तर संपर्क मागे होतोय. सपाट जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटच्या टप्प्यात येत असेल, तर संपर्क फार पुढे किंवा फार खाली होतोय. योग्य जागा एकच, उजव्या खांद्याच्या वर आणि जरासं पुढे, हात जवळजवळ सरळ असताना.

क्रम असा:

1. शटल वर उठल्याबरोबर उजवा पाय मागे घ्या आणि अंग आडवं करा. डावा खांदा जाळीकडे, वजन उजव्या पायावर.
2. डावा हात शटलच्या दिशेने वर. हा हात दाखवण्यापुरता नाही. तो वर असला की छाती उघडी राहते, आणि फटक्याच्या वेळी तो पोटाशी ओढला की उजवा खांदा आपोआप पुढे येतो.
3. उजवं कोपर खांद्याच्या उंचीला, रॅकेट डोक्याच्या मागे सैल.
4. आधी कंबर वळते, मग कोपर पुढे आणि वर जातं, आणि सगळ्यात शेवटी कोपराखालचा हात आत पिळला जातो. झाडावरची कैरी पाडायला दगड भिरकावताना हात जसा जातो, अगदी तसा.
5. शटलला लागताना, आणि फक्त तेव्हाच, मूठ आवळा.
6. रॅकेट डाव्या मांडीकडे उतरू द्या. उजवा पाय पुढे येतो, डावा मागे टेकतो, आणि त्याच झोकात मध्याकडे परत.

सगळ्यात जास्त गडबड चौथ्या पायरीत होते. "मनगटाने मार" हा सल्ला इंदूरच्या प्रत्येक हॉलमध्ये ऐकू येतो, पण तो अर्धवट आहे. मनगट पुढे झटकून वेग फारसा येत नाही. वेग येतो तो दंड आणि कोपराखालचा हात यांच्या पिळण्यातून. रॅकेट कडेवर धरून, कुऱ्हाड घालतो तशी, वर न्यायला सुरुवात करा. शेवटच्या क्षणी हात पिळला की रॅकेटची जाळी सपाट होऊन शटलला भिडते. रॅकेटचा चेहरा पहिल्यापासून समोर बघत असेल तर पिळायला काही उरतच नाही. ती चूक मुळात पकडीची आहे.

मग पकड बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

डाव्या हाताने रॅकेट दांडीला धरा, कड जमिनीकडे. आता उजव्या हाताने हस्तांदोलन करा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला इंग्रजी व्ही दांड्याच्या वरच्या अरुंद बाजूवर, किंचित डावीकडे यायला हवा. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी पुढे, अंगठा तिरपा. तळहात आणि दांडा यांच्यात थोडी पोकळी राहिली पाहिजे.

घरच्या गच्चीवर शिकलेल्यांची पकड बहुधा पॅन ग्रिप असते, म्हणजे व्ही रुंद बाजूवर आणि रॅकेटचा चेहरा समोर. जाळीजवळ शटल खाली दाबायला ही पकड उत्तम, मागच्या कोर्टातून मात्र निरुपयोगी. सवय मोडायला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या काळात तुमचा खेळ बिघडतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बरेच जण पाचव्या दिवशी जुन्या पकडीवर परततात.

बॅकहँडला, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूने मारताना, अंगठा रुंद बाजूवर सपाट ठेवा. पण तेवढ्याने भागत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

रॅकेटच्या मुठीची जाडी: पकडल्यावर बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा उंचवटा यांत थोडी फट हवी. बोटं तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे, एक ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) चढवा. मेमध्ये घामाने ओव्हरग्रिप लवकर गुळगुळीत होते. ती बदलली नाही की माणूस नकळत मूठ आवळून धरतो, आणि आवळलेल्या मुठीतून ना ड्रॉप (जाळीपलीकडे लगेच पडणारा फटका) निघतो ना स्मॅश (जोरात खाली मारलेला फटका).

उन्हाळ्यात माझे सगळे क्लिअर बाहेर जातात आणि जानेवारीत आखूड पडतात. तंत्र बिघडलं का?

नाही, हवा बदलली. शटलला थोपवते ती हवाच. गरम हवा विरळ असते, म्हणून शटल लांब जातं. 10 अंशांवरून तापमान 40 अंशांवर गेलं की हवेची घनता साधारण दहा टक्क्यांनी घटते. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा मुळातच पाचेक टक्क्यांनी विरळ. वडोदरा जवळपास समुद्रसपाटीलाच आहे. तिथून स्पर्धा खेळायला आलेल्या पाहुण्यांचे पहिल्या गेममधले लिफ्ट (खालून उंच उचललेले फटके) बाहेर का जातात, ते यावरून कळेल. पण आकडे पाहिले तर उंचीपेक्षा ऋतूचाच फरक मोठा आहे.

पिसांच्या शटलच्या डब्यावर वेगाचा आकडा असतो: 75, 76, 77, 78, 79. आकडा लहान तसं शटल हळू. काही कंपन्या हेच 1 ते 5 असं लिहितात. इंदूरला कडक उन्हाळ्यात 76 आणि थंडीत 77 मागून बघा. आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, शटल पाडून पाहा. नियमातली पद्धत अशी: मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर, पूर्ण जोराने, बाजूच्या रेषेला समांतर फटका मारा. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर.

नायलॉनच्या शटलला बुचाजवळ रंगीत पट्टी असते. हिरवी हळू, निळी मध्यम, लाल जलद.

कोरड्या उन्हाळ्यात पिसं कडक होऊन दोन-चार रॅलींतच तुटतात. आदल्या रात्री डब्याची दोन्ही झाकणं काढून पिसांच्या बाजूने किटलीची वाफ दहा-पंधरा सेकंद द्या, झाकणं लावून डबा उभा ठेवा. बुचाला वाफ लागू देऊ नका. वाफ जास्त झाली की शटल जड होतं, मग त्याचाही वेग बदलतो.

स्मॅश एकतर जाळीत जातो, नाहीतर सपाट निघतो. उतार कसा आणायचा?

आधी थोडं गणित, म्हणजे अपेक्षा जमिनीवर येतील. जाळी मध्यभागी 1.524 मीटर उंच आहे आणि मागची रेषा तिथून 6.70 मीटरवर. समजा तुम्ही मागच्या रेषेवरून 2.5 मीटर उंचीवर शटल मारलं आणि ते जाळीला घासून सरळ रेषेत गेलं. ती रेषा जमिनीला 17 मीटरवर भेटते. अख्खं कोर्ट 13.40 मीटरचं! तुमचा स्मॅश आत पडतो तो हवेने शटलचा वेग मारल्यामुळे. तेच शटल जाळीपासून 4 मीटरवर मिळालं, तर ती रेषा पलीकडच्या बाजूला सव्वासहा मीटरवर, म्हणजे मागच्या रेषेच्या आतच टेकते. उतार मनगटातून कमी आणि उभं राहण्याच्या जागेतून जास्त मिळतो.

म्हणून अगदी मागच्या रेषेवरून पूर्ण ताकदीचा स्मॅश मारू नका. तिथून क्लिअर किंवा ड्रॉप मारा. शटल आखूड आलं की मारा.

स्मॅशचा संपर्क क्लिअरपेक्षा थोडा आणखी पुढे, पण उंची तीच. जाळीत जाणाऱ्यांचं काय होतं, तर ते शटल खाली येण्याची वाट बघतात आणि हात वाकवूनच मारतात. दोन पावलं जास्त मागे जाऊन पुढे येत मारा, हात सरळ होईल. सपाट निघणाऱ्यांचं शटल डोक्यावर असतं. त्यांनाही हेच औषध, पायांचं.

उडी मारून स्मॅश? उभ्याने दहा स्मॅश एकाच जागी पडेपर्यंत नको. उडीने ताकद वाढते ही समजूतही पुरती खरी नाही. उडीमुळे मुख्यतः उंची मिळते आणि शटल लवकर गाठता येतं.

ड्रॉप मारणार हे समोरच्याला आधीच कळतं. काय लपवू?

काहीच लपवू नका. तयारी क्लिअरचीच ठेवा: तेच अंग आडवं, तोच डावा हात वर, रॅकेटचा तोच वेग. ड्रॉप मारताना लोक आधीच हात संथ करतात, तिथेच कळतं. वेग शेवटच्या क्षणी कमी करा, किंवा कमी न करता शटल कापा. कापताना रॅकेटचा चेहरा थोडा तिरपा करून शटलच्या उजव्या कडेवरून नेतात. शटल तिरकं, डावीकडे जातं आणि पटकन मरतं. उलटा काप डाव्या कडेवरून असतो. तो आधी सरळ ड्रॉप पक्का झाल्यावर.

हळू ड्रॉप आखूड सर्व्हिसच्या रेषेच्या आत, म्हणजे जाळीपासून 1.98 मीटरच्या आत पडायला हवा. जलद ड्रॉप त्या रेषेच्या थोडा पुढे पडला तरी चालतो, पण तो जाळीवरून घासूनच गेला पाहिजे. जाळीवर हातभर उंच जाणारा ड्रॉप म्हणजे समोरच्याला वाढून दिलेलं ताट.

बॅकहँड क्लिअर कधी जमणार?

उशिरा. आणि जमेपर्यंत तो कमीत कमी खेळा. डाव्या मागच्या कोपऱ्यात शटल उंच असेल तर डोक्यावरून फोरहँडनेच मारा. त्यासाठी आधी पाय हलवावे लागतात, म्हणूनच लोकांना बॅकहँड सोपा वाटतो.

अगदी खेळावाच लागला तर:

पाठ जाळीकडे करा, शेवटचं पाऊल उजव्या पायाचं, मागच्या कोपऱ्याच्या दिशेने. अंगठा सपाट रुंद बाजूवर ठेवू नका. शटल अंगाच्या पुढे असताना (सर्व्हिस, ड्राइव्ह म्हणजे सपाट फटका, जाळी) ती पकड बरोबर आहे, पण शटल अंगाच्या मागे गेल्यावर सपाट अंगठा हाताचं पिळणं अडवतो. रॅकेटच्या मुठीला आठ बाजू असतात. अंगठा रुंद बाजूच्या शेजारच्या तिरप्या बाजूवर सरकवा. कोपर आधी वर, शटलकडे रोखलेलं. मग हात बाहेरच्या बाजूला पिळून झटक्यात मारा आणि तिथेच थांबा. रॅकेट पुढे वाहवत नेली की जोर जातो. नीट लागलं तर आवाज टणक येतो, चुकलं तर फुसका. या फटक्यात डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवावा.

सुरुवातीला शटल अर्ध्या कोर्टावरून वरून सोडायला कुणालातरी सांगा. मागच्या रेषेपासून सुरू केलं तर खांदा दुखेल, फटका येणार नाही.

जाळीजवळचा शटल पलीकडे नेताना उंच का उडतो?

कारण तो खाली आल्यावर गाठता. जाळीच्या पट्टीपासून वीतभर खाली गाठलं तर चिकटून पलीकडे जातं. गुडघ्याशी गाठलं की वर उचलावंच लागतं. रॅकेट पुढे धरून जा, म्हणजे पोचल्यावर हात लांबवण्यात वेळ जात नाही. मूठ अगदी सैल. शटलला ढकलू नका, रॅकेट शटलखाली टेकवून ते नुसतं उसळू द्या. गिरकी द्यायची असेल तर रॅकेट शटलखालून आडवी, बाहेरून आत सरकवा.

शेवटच्या पावलात उजवी टाच आधी टेकते, बोटं शटलच्या दिशेला. पाऊल आत वळलं की गुडघा मुरगळतो. डावा हात मागे पसरलेला ठेवा, तोल तोच सांभाळतो.

शटल पट्टीच्या वर मिळालं तर रॅकेट जोरात मारायची नाही, आखूड टिचकी द्यायची. जाळीला रॅकेट लागली की गुण गेला.

सर्व्हिसवरून क्लबात रोज वाद होतात. नियम नेमका काय, आणि आखूड सर्व्हिस पक्की कशी करायची?

कंबरेचा नियम जुना झाला. आता मारण्याच्या क्षणी अख्खं शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असावं लागतं. भिंतीवर 1.15 मीटरवर चिकटपट्टीची रेघ ओढली की निम्मे वाद तिथेच मिटतात. दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला, पाय हलता कामा नयेत, पहिला स्पर्श बुचाला, आणि रॅकेट एकदा पुढे निघाली की अडखळायची नाही. शटल बोटांत फिरवून सोडायच्या गिरकीच्या सर्व्हिसवर बॅडमिंटनच्या जागतिक महासंघाने 2023 मध्ये बंदी घातली. मित्रांत खेळतानाही ती सवय लावून घेऊ नका.

बॅकहँडची आखूड सर्व्हिस: उजवा पाय पुढे, पकड मुठीच्या थोडी पुढच्या टोकाला, अंगठा सपाट. शटल पिसाच्या टोकाला दोन बोटांच्या चिमटीत धरा. रॅकेट मागे फार नेऊ नका, वीतभर पुरे. शटल वर उडवायचं नाही, हातातून सुटता सुटता मारायचं. मनगट मोडू नका, बोटांनी ढकला. शटलची सर्वांत वरची जागा जाळीच्या तुमच्या बाजूला यायला हवी, म्हणजे पलीकडे गेल्यावर ते उतरतच असतं. ती जागा जाळीच्या पलीकडे गेली की समोरचा झडप घालतो.

सरावाला जाळीच्या पट्टीच्या वर, दोन्ही खांबांना सुतळी बांधून वीतभर फट ठेवा आणि त्यातून रोज 50 सर्व्हिस काढा. कंटाळवाणं आहे. पण दुहेरीत याच्याइतका परतावा कुठलाच सराव देत नाही.

फ्लिक सर्व्हिस, म्हणजे आखूड दाखवून मागे उडवलेली, आठातून एखादीच. दुहेरीत तिच्यासाठी जागाही फक्त 3.96 मीटरची असते, कारण मागची 76 सेंटिमीटरची पट्टी सर्व्हिसला बाहेर धरतात.

शटलपाशी उशिरा पोचतो. जास्त धावू का?

जास्त नाही, लवकर निघा. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट शटलला भिडण्याच्या जरा आधी दोन्ही पायांवर छोटी उसळी घ्या, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद टेकवा. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. टेकताना अंग ज्या बाजूला जायचं तिकडे आपोआप झुकतं. उभ्या पायांवरून निघणारा नेहमी एक पाऊल मागे राहतो.

मध्याची जागा अगदी मधोमध नसते, एकेरीत ती थोडी मागे असते. आणि प्रत्येक फटक्यानंतर तिथे धापा टाकत पोचायचं नसतं. प्रतिस्पर्धी मारत असताना तुम्ही जिथे असाल तिथे थांबून उसळी घ्या. चालता चालता अडकणं हे मध्यावर न पोचण्याहून वाईट.

कोणती रॅकेट, किती टेन्शन (तारांचा ताण)?

4यू म्हणजे 80 ते 84 ग्रॅम, बहुतेकांना हेच वजन योग्य. टेन्शन शिकणाऱ्यांनी 20 ते 22 पाउंड, नियमित खेळणाऱ्यांनी 23 ते 25. दुकानात "28 करून देतो" म्हणाले तर नको म्हणा. टेन्शन जास्त की रॅकेटच्या जाळीचा गोड भाग, म्हणजे जिथे लागलं की शटल नीट जातं तो भाग, लहान होतो. शटल मधोमध लागलं नाही तर ते जात नाही आणि हाताला झटका बसतो. रॅकेटवर कमाल टेन्शन छापलेलं असतं, त्यापुढे फ्रेम मोडू शकते. गट्स (रॅकेटच्या तारा) टिकाऊ हवे असतील तर 0.70 मिलिमीटरचे घ्या, बारीक गट्स आवाज छान देतात आणि लवकर तुटतात.

उन्हात उभ्या गाडीत रॅकेट ठेवू नका. गट्स ढिले होतात.

जोडीदार नसेल तर काय करू?

घरात किंवा गच्चीवर एक शटल दोरीने टांगा, उंची तुमच्या सरळ हातातल्या रॅकेटच्या मध्याइतकी. त्यासमोर अंग आडवं करून सावकाश, फक्त संपर्काच्या जागेसाठी, 20-20 चे तीन फेरे मारा. मग भिंतीशी तीन-चार मीटरवरून ड्राइव्ह, मूठ सैल-घट्ट करत. नंतर शटलशिवाय सहा कोपऱ्यांचं (पुढचे दोन, मधले दोन, मागचे दोन) फुटवर्क, 30 सेकंद हालचाल आणि 30 सेकंद विश्रांती, आठ वेळा. मोबाईल कोर्टाच्या उजव्या बाजूला कंबरेच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि एकच गोष्ट बघा: शटल लागताना कोपर सरळ होतं का. एका वेळी एकच. पाच चुका शोधल्या तर एकही सुटत नाही.

सोसायटीच्या सिमेंटच्या कोर्टावर, वाऱ्यात, खेळून तंत्र सुधारतं का?

सुदामा नगरपासून विजय नगरपर्यंत जेवणानंतर गल्लीत जाळी बांधून खेळणं चालूच असतं, ते चालू राहू द्या. पण तिथे क्लिअर आणि ड्रॉप शिकू नका. वारा शटल हलवतो आणि तुम्ही चुकीच्या जागी मारायची सवय लावून घेता. ड्राइव्ह आणि सर्व्हिसचा सराव तिथे चांगला होतो. नायलॉनचं शटल वापरा. सिमेंटवर उड्या आणि खोल लंज (वाकून टाकलेलं लांब पाऊल) टाळा, गुडघे दुखतात. रविवारी सकाळी पोहे-जलेबी खेळल्यावर, आधी नको.

कोपर दुखतंय. खेळत राहू का?

कोपराच्या बाहेरच्या बाजूला, कप उचलतानाही कळ येत असेल तर थांबा. बारीक मूठ, जास्त टेन्शन, कायम आवळलेली पकड आणि उशिरा मारलेले बॅकहँड ही नेहमीची कारणं, चारही तपासा. जानेवारीच्या सकाळी हॉल गार असतो, तेव्हा दहा मिनिटं पळणं, खांदे फिरवणं आणि अर्ध्या जोराचे क्लिअर झाल्याशिवाय एकही स्मॅश नको. दोन आठवड्यांच्या विश्रांतीने कळ गेली नाही, किंवा हात वर करताना खांद्यातून कळ येत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पट्टा बांधून खेळत राहिलात तर दुखणं लांबतं.